तिसऱ्या फेरीत बाद होण्याचा हक्क

ऑटिस्टिक माणूस, म्हणजे ज्याचा मेंदू जन्मतःच बोलणं, आवाज आणि माणसांचे इशारे वेगळ्या रीतीने टिपतो तो, आपल्या टीव्हीवर दोनच वेषांत येतो. गाण्या-नाचाच्या मंचावर तो चमत्कार असतो आणि मालिकेत आईच्या नशिबी आलेलं दुःख. मधली जागा त्याच्या वाट्याला येत नाही. बाकीच्यांना मात्र ती सहज मिळते. गळा बरा, पण अंतिम फेरीइतका नाही. स्वभाव जरा हट्टी, पण कुणाचं वाईट चिंतणारा नाही. चार भागांत दिसला, दोन गाणी चांगली झाली, एक पडलं आणि बाद झाला. घरी परतल्यावर गावात सत्कार, चवथीच्या दिवसांत एखाददुसरा कार्यक्रम, मग आपलं रोजचं आयुष्य. रिॲलिटी शोमधल्या बहुतेक स्पर्धकांची कहाणी एवढीच असते आणि ती मुळीच वाईट नाही. ऑटिस्टिक स्पर्धकांनाही ही साधी कहाणी मिळायला हवी, असं मला तळमळीने वाटतं. त्यांनी अशा कार्यक्रमांत यावं का, हा प्रश्न माझ्यापुरता सुटलेला आहे. ज्याला हौस आहे त्याने जरूर यावं. भांडण आहे ते कोणत्या अटींवर यावं याचं.

मी गोव्यातल्या फोंडा तालुक्यात पेटी आणि भजन शिकवतो. माझ्याकडे येणाऱ्यांत १९ वर्षांचा एक ऑटिस्टिक मुलगा आहे. बोलतो कमी, गातो भरपूर. काळी एक पट्टीत त्याचा आवाज मोकळा लागतो, लय पक्की आहे, ताना अजून घोटलेल्या नाहीत. म्हणजे माझ्या वर्गातल्या चांगल्या मुलांपैकी एक, सर्वांत चांगला नव्हे. त्यालाच गाण्याच्या एका शोमध्ये जायचं होतं. आईने त्याच्या सांगण्यावरून व्हिडिओ पाठवला आणि काही दिवसांनी पुढच्या टप्प्याचा फोन आला. तो फोन मी शेजारी बसून ऐकला. काय गातो, कुणाकडे शिकतो, हे पटकन विचारून झालं. मग खरे प्रश्न सुरू झाले. निदान कळलं तेव्हा तुम्ही खूप रडलात का? वडिलांनी स्वीकारलं का? शेजारीपाजारी काय बोलतात? त्याला त्रास होत असतानाचा एखादा व्हिडिओ मोबाइलमध्ये असेल का? आई म्हणाली, ‘त्याच्याशीच बोला ना, तो इथंच बसलाय.’ पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, ‘हो मॅडम, त्याच्याशी नंतर बोलू.’ ते नंतर कधी आलं नाही.

त्या मुलीला मी दोष देत नाही. तिच्यासमोर भरायचा तक्ता असणार आणि त्यात गाण्यापेक्षा घराचे रकाने जास्त असणार. स्पर्धक मंचावर येण्याआधी पडद्यावर जी दोन-तीन मिनिटांची फीत दिसते, तिला या धंद्यात ‘एव्ही’ म्हणतात. गाणं ऐकण्याआधी प्रेक्षकाचं मन कुठं न्यायचं ते एव्ही ठरवते. रिक्षाचालकाचा मुलगा, शेतमजुराची मुलगी, आजारी वडील. गरीब घरच्या स्पर्धकांवरही हा अन्याय होतोच. फरक असा की रिक्षाचालकाचा मुलगा दुसऱ्या आठवड्यात ‘आता माझ्या गाण्याबद्दल बोला’ असं म्हणू शकतो, थट्टा करून विषय बदलू शकतो. ज्याला बोलायला वेळ लागतो, समोरच्याचा हेतू चेहऱ्यावरून चटकन वाचता येत नाही, त्याच्या नावावर जी कहाणी पहिल्या दिवशी चढते ती शेवटपर्यंत उतरत नाही.

ही कहाणी किती सफाईने रचली जाते ते पाहायचं असेल तर सुझन बॉइलची पहिली चाचणी पुन्हा एकदा शांतपणे पाहावी. २००९ च्या एप्रिलमध्ये दाखवलेल्या भागात ४७ वर्षांची ही स्कॉटिश बाई ‘ब्रिटन्स गॉट टॅलेंट’च्या मंचावर आली तेव्हा ती ऑटिस्टिक आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. तिलाही नव्हतं. लहानपणी तिच्या मेंदूला इजा झाली आहे असं घरच्यांना सांगण्यात आलं होतं आणि तेच ओझं घेऊन ती वाढली. ॲस्पर्जर सिंड्रोमचं, म्हणजे ऑटिझमच्याच एका प्रकाराचं, निदान झालं २०१२ साली आणि पुढच्या वर्षी तिने ते जाहीर केलं. त्या फितीत ती आपल्या गावाविषयी सांगताना शब्दासाठी अडखळते, परीक्षकांसमोर अवघडल्यासारखी कंबर हलवते. प्रत्येक अडखळण्यानंतर कॅमेरा प्रेक्षकांत जातो. कुणी डोळे फिरवतंय, कुणी हसतंय. मग ती गाते आणि तेच चेहरे थक्क होतात. जगभर कोट्यवधी लोकांनी ते पाहिलं आणि डोळे पुसले. मला ती फीत पाहताना आता वेगळंच दिसतं. आधीचं हसू जितकं लांबवलं, तितकं नंतरचं आश्चर्य मोठं झालं. बाईचा अवघडलेपणा हा त्या क्षणाचा कच्चा माल होता. अंतिम फेरीत ती दुसरी आली आणि लगेच थकव्यामुळे तिला उपचारांसाठी दाखल करावं लागलं. रिॲलिटी शोच्या इतिहासातला सर्वांत लाडका क्षण निदान न झालेल्या एका ऑटिस्टिक बाईच्या जिवावर उभा आहे, हे आपण कधी मोठ्याने बोललो नाही.

हसणारे ते लोक दुष्ट होते असंही नाही. २०१७ साली नोआ सॅसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. ऑटिस्टिक आणि ऑटिस्टिक नसलेल्या माणसांच्या बोलण्याचे काही सेकंदांचे तुकडे त्यांनी इतर लोकांना दाखवले. कुणाला चित्रफीत, कुणाला नुसता आवाज, कुणाला छायाचित्र. पाहणाऱ्यांनी ऑटिस्टिक व्यक्तींबद्दल काही क्षणांतच प्रतिकूल मत बनवलं, त्यांच्याशी बोलायला, त्यांच्याजवळ बसायला ते कमी राजी होते. पण ज्यांना फक्त बोललेले शब्द लिहून वाचायला दिले, त्यांच्या बाबतीत हा फरक नाहीसा झाला. माणूस काय बोलतो यात खोट नव्हती. नजर कुठं आहे, आवाजाचा चढउतार कसा आहे, हात काय करतायत, यावरून निकाल लागत होता.

आता रिॲलिटी शो म्हणजे काय ते बघा. काही सेकंदांच्या तुकड्यांवर मत बनवायला लावणारं एवढं मोठं यंत्र माणसाने दुसरं उभारलेलं नाही. तासन्‌तासांचं चित्रीकरण होतं आणि त्यातली मिनिटं आपल्यापर्यंत येतात. कोणती मिनिटं, हे संकलनाच्या टेबलावर ठरतं. परीक्षकाने प्रश्न विचारला आणि स्पर्धक उत्तर द्यायला थांबला. ते थांबणं कापून टाकलं तर माणूस विचारी वाटतो. तसंच ठेवलं तर गोंधळलेला वाटतो. त्यात परीक्षकाच्या भुवया आणि मागून सनईचा एक करुण सूर घातला तर बिचारा वाटतो. उत्तर तिन्ही वेळा तेच. म्हणून ऑटिस्टिक स्पर्धकाला मंचावर घेतलं एवढ्याने समावेश झाला असं मी मानत नाही. त्याचं खरं स्वागत किंवा अपमान त्या टेबलावर होतो, जिथे तो हजर नसतो.

मोठ्या घरात माणसांना कोंडून ठेवणाऱ्या शोमध्ये तर गैरसमज हाच धंदा आहे. आपल्याकडच्या ‘बिग बॉस’मध्ये घड्याळ नाही, फोन नाही, सकाळी दणदणीत गाणं वाजवून उठवतात, टोमणे आणि पाठीमागच्या कुजबुजीवर खेळ चालतो, आणि शनिवार-रविवारी सूत्रसंचालक ‘तू असं का वागलास’ म्हणून सगळ्यांसमोर हजेरी घेतो. ज्याला दिवसाचा क्रम माहीत असला की धीर येतो, आवाज अंगावर येतात, टोमणा सरळ अर्थाने ऐकू येतो, त्याच्यासाठी याहून कठीण जागा शोधून सापडणार नाही. तरीही अशा घरात एक ऑटिस्टिक माणूस जिंकलेला आहे. अमेरिकेच्या ‘बिग ब्रदर’चा २०१२ चा हंगाम इयान टेरी या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने जिंकला. तेव्हा त्याने आपल्या ऑटिझमबद्दल काही सांगितलं नव्हतं. २०२० साली जुन्या खेळाडूंच्या हंगामात तो परत गेला आणि या वेळी घरातल्यांना त्याने ते सांगितलं. तो बसल्या जागी मागेपुढे झुलतो. शरीर शांत ठेवण्याची ती त्याची रीत. घरातल्या काहींनी त्या झुलण्याची टिंगल केली, ते थेट प्रक्षेपणात लोकांनी ऐकलं, गदारोळ झाला आणि नंतर माफ्या मागितल्या गेल्या.

यातून मी असा निष्कर्ष काढत नाही की ऑटिस्टिक लोकांनी तिथं जाऊ नये. इयान टेरी डाव आखण्यात इतरांपेक्षा सरस ठरला होता, हे विसरून कसं चालेल? निष्कर्ष असा की त्रास त्याच्या झुलण्याने कुणाला झाला नाही, त्याला मात्र इतरांच्या बघण्याने झाला. डेमियन मिल्टन या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने, जो स्वतः ऑटिस्टिक आहे, २०१२ साली हेच तत्त्व म्हणून मांडलं: ऑटिस्टिक माणसाला दुसऱ्याचं मन कळत नाही असं म्हणताना, दुसऱ्याला ऑटिस्टिक माणसाचं मन तितकंच कळत नाही हे आपण सोयीस्करपणे वगळतो. न कळणं दोन्ही बाजूंनी असतं. समजून घेण्याचं ओझं मात्र एकाच बाजूवर टाकलं जातं.

कोडी लीचं उदाहरण मला नेहमी ऐकवलं जातं. विशीतला, दृष्टिहीन आणि ऑटिस्टिक. २०१९ साली त्याने ‘अमेरिकाज गॉट टॅलेंट’ जिंकलं. आईचा हात धरून मंचावर आला, पियानोपाशी बसला आणि गायला लागल्यावर सभागृह उभं राहिलं. त्याचा विजय पूर्णपणे त्याच्या गळ्याचा आणि बोटांचा आहे. त्यात कुणाची दया नाही. पण या विजयाचा एक परिणाम आमच्याकडच्या आईबापांना भोगावा लागतो. मूल ऑटिस्टिक आहे असं सांगितलं की लग्नातही कुणी विचारतं, ‘हो का? मग त्याच्यात खास काय आहे? गणित की संगीत?’ बहुतेक ऑटिस्टिक लोकांत अशी कोणतीही अलौकिक देणगी नसते, जशी ती तुमच्याआमच्यातही नसते. चमत्कार दाखवला तरच मंच मिळणार असेल, तर तो मंच ऑटिस्टिक माणसांसाठी उघडलेला नाही, चमत्कारांसाठी उघडलेला आहे.

म्हणून मला हेदर कुझ्मिच जास्त जवळची वाटते. २००७ साली ‘अमेरिकाज नेक्स्ट टॉप मॉडेल’ या शोमध्ये ती होती आणि आपल्याला ॲस्पर्जर असल्याचं तिने स्वतः सांगितलं होतं. छायाचित्रांत ती फार प्रभावी दिसायची आणि घरी बसलेल्या प्रेक्षकांची लाडकी होती. कॅमेऱ्यासमोर पाठ केलेलं बोलायचं आलं की अडायची. पुढे स्पर्धा चीनला गेली. तिथल्या शहरात एकेका डिझायनरच्या दारात वेळेवर पोहोचायचं होतं. तिथं ती वाट चुकली आणि बाद झाली. तिच्यावर अन्याय झाला का? यावर मी बराच विचार केला आहे. माझं उत्तर असं की हे बाद होणं रास्त होतं. अनोळखी शहरात काम शोधत फिरणं हा मॉडेलच्या पेशाचाच भाग आहे आणि स्पर्धा तेच मोजत होती. ती हरली, नियमाने हरली, आणि लोकांनी तिला मॉडेल म्हणून लक्षात ठेवलं. यालाच मी मधली जागा म्हणतो.

सोयीसवलतींवरचा नेहमीचा आक्षेप इथंच सुटतो. लोक म्हणतात, एकाला सवलत दिली की बाकीच्यांवर अन्याय. पण आधी हे ठरवा की स्पर्धा मोजते काय. जे मोजायचं आहे त्यात सूट मागायची नाही. जे मोजायचंच नाही, ते आड येत असेल तर बाजूला करायचं. आमच्या भजन स्पर्धांचं बघा. गोव्यात कला अकादमीच्या भजन स्पर्धेपासून देवळांच्या मांडवातल्या स्पर्धांपर्यंत वेळेची मर्यादा काटेकोर असते आणि वेळ संपत आली की परीक्षकांच्या टेबलावरची घंटा वाजते. माझा हा विद्यार्थी पथकात मागे, कोरसमध्ये बसतो. घंटा वाजली की तो दोन्ही कान दाबतो, टाळ हातातून सुटतो, पुढची ओळ जाते. गेल्या वेळच्या स्पर्धेआधी मी आयोजकांना भेटून विचारलं, घंटेऐवजी दिवा लावता येईल का? वाटलं होतं कुरकुर होईल. त्यांच्यातल्या एकाने घरून लाल बल्ब आणला, लांब वायर जोडून पखवाजवाल्याला दिसेल असा खांबाला बांधला आणि सगळ्याच पथकांना तोच इशारा ठरवून टाकला. गौळण चालू असताना दिवा लागला, पथकाने गजर आटोपता घेतला, पोराचा टाळ शेवटपर्यंत सुटला नाही. दुसऱ्या पथकाचे एक बुवा मला नंतर म्हणाले, ‘हें बरें आसा, घंटेन सूर मोडटा.’ आमच्या पथकाला नंबर मिळाला नाही. परीक्षकांनी आमचा अभंग संथ झाल्याचं सांगितलं आणि ते खरं होतं.

घंटा भजनाचा भाग नव्हती. तसंच टीव्हीच्या मंचावरचे डोळ्यांत जाणारे फिरते दिवे गाण्याचा भाग नाहीत. आयत्या वेळी बदललेला गाण्यांचा क्रम, ‘सरप्राइज’ म्हणून अचानक मंचावर आणलेले नातेवाईक, चौदा-चौदा तासांची ताटकळ, प्रेक्षकांना इशाऱ्याने करायला लावलेला कल्लोळ, यातलं काहीच गाण्याचा भाग नाही. उद्याच्या चित्रीकरणाचं वेळापत्रक आदल्या दिवशी लेखी देणं, बसायला एक शांत खोली देणं, कानावर आवाज रोखणारे हेडफोन ठेवू देणं, परीक्षकांचे प्रश्न आधी कळवणं, यांत खर्च किती आणि अन्याय कुणावर?

अमेरिकेच्या ‘सर्व्हायव्हर’ या बेटावर तग धरण्याच्या शोने २०२५ मध्ये हे थोडंफार करून दाखवलं. ईव्हा एरिक्सन ही अभियांत्रिकीची संशोधक विद्यार्थिनी त्या शोमधली उघडपणे ऑटिस्टिक असलेली पहिली स्पर्धक. बेटावर उतरल्यावर तिने सुरुवातीला ते एकाच सोबत्याला सांगितलं. त्रास झाला की मला कसं शांत करायचं, हेही त्यालाच समजावलं. पुढे गटांची फाटाफूट झाली, तो दुसऱ्या गटात गेला. एका चढाओढीनंतर तिचा तोल सुटला तेव्हा सूत्रसंचालकाने नियमाला मुरड घालून त्याला तिच्यापाशी जाऊ दिलं. ती मिठी जगभर फिरली. मला त्या मिठीपेक्षा दोन गोष्टी मोलाच्या वाटतात. एक म्हणजे कुणाला सांगायचं आणि कधी सांगायचं हे ईव्हाने ठरवलं, वाहिनीच्या एव्हीने नव्हे. आणि शेवटी ती दुसरी आली. ज्यूरीने, म्हणजे आधी बाद झालेल्या खेळाडूंनी, तिला हरवलं. तिच्या डोळ्यांतल्या पाण्याची किंमत म्हणून कुणी तिला बक्षिसाचे दहा लाख डॉलर देऊ केले नाहीत, आणि तिचीही ती अपेक्षा नव्हती. हरवणं हा आदर असतो. ज्याला हरवायला आपण कचरतो, त्याला आपण खेळात घेतलेलंच नसतं.

आमच्याकडचा सर्वांत मोठा आक्षेप प्रेमातून येतो: ‘कशाला त्या पोराला त्या जंजाळात ढकलता?’ आज्या म्हणतात, शिक्षक म्हणतात, डॉक्टरही म्हणतात. ही भीती खोटी नाही. ब्रिटनमध्ये एका टॉक शोमध्ये भाग घेतलेल्या माणसाच्या मृत्यूनंतर २०१९ च्या मे महिन्यात तो शो कायमचा बंद झाला, संसदेच्या समितीने रिॲलिटी टीव्हीची चौकशी केली आणि २०२१ च्या एप्रिलपासून ऑफकॉम या नियामक संस्थेने असा नियम लागू केला की ज्यांना सहभागामुळे अपाय होऊ शकतो त्यांची योग्य काळजी वाहिनीने घेतलीच पाहिजे. आपल्या माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने २०१९ च्या जूनमध्ये वाहिन्यांना सूचना केली, ती नृत्याच्या शोमधल्या लहान मुलांपुरती. काळजीचा नियम हवा, नक्की हवा, आणि सगळ्याच स्पर्धकांसाठी हवा. पण काळजीच्या नावाखाली दार बंद करणं हा नियम नव्हे. घरात ठेवलेल्या माणसाला अपाय होत नाही हा गैरसमज आहे. त्याचा अपाय फक्त दिसत नाही.

अवघड प्रश्न त्यांचा, जे शब्दांत थोडंच बोलतात. त्यांनी होकार दिला हे कसं ओळखायचं? करारावर सही आई करते, बाबा करतात, आणि तो करार पाच-पन्नास पानांचा, वकिलांच्या इंग्रजीत. माझा अनुभव असा की कमी बोलणारी माणसं हो आणि नाही अगदी स्पष्ट सांगतात, फक्त तोंडाने सांगतीलच असं नाही. माझ्या विद्यार्थ्याला एखादा अभंग नको असला की तो पेटीचा भाता बंद करतो. त्याहून स्पष्ट नकार मी ऐकलेला नाही. कुणी मोबाइलवर टाइप करतो, कुणी चित्रं दाखवतो. शिकून घ्यायचं असेल तर शिकता येतं. पण त्यासाठी होकार एका सहीत उरकता कामा नये. चाचणीच्या आधी विचारा, चित्रीकरणाच्या दिवशी विचारा, आणि भाग प्रक्षेपित होण्याआधी त्याच्याबद्दलची फीत त्याला दाखवून पुन्हा विचारा. नको म्हणाला तर ती फीत वगळा, गाणं दाखवा. सोबत कोण असावं हेही त्यालाच ठरवू द्या. दर वेळी आईच हवी असं नाही. १९ वर्षांच्या कोणत्या मुलाला मंचावर आई हवी असते? आणि निदान हे त्याचं आहे. ते सांगायचं नसेल तर सोयी मिळवण्यासाठी निर्मात्यांना सांगून प्रेक्षकांपासून राखून ठेवण्याचा हक्क त्याला असला पाहिजे. यावर वाहिन्या सर्वांत जास्त अडतील, कारण त्यांना निदानच विकायचं असतं.

फक्त ऑटिस्टिक लोकांना घेऊन केलेले वेगळे शो मला अर्धेच पटतात. ‘लव्ह ऑन द स्पेक्ट्रम’ ऑस्ट्रेलियात २०१९ साली सुरू झाला, नंतर त्याची अमेरिकन आवृत्ती आली. ऑटिस्टिक तरुण-तरुणी प्रेमाबद्दल स्वतःच्या तोंडाने बोलतात, हे त्यातलं सोनं. पण वेगळी पंगत मांडली की मुख्य पंगतीतली पानं कुणी वाढवत नाही.

कायदा आपल्या बाजूने आहे. १९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात ऑटिझमचं नावच नव्हतं. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने ते आलं आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने २१ प्रकारच्या अपंगत्वांत ऑटिझम स्पेक्ट्रमचा समावेश केला. वाजवी सोय नाकारणं हा भेदभाव आहे असं हा कायदा म्हणतो. दिव्यांग व्यक्तीला चारचौघांत हेतुपुरस्सर अपमानित केलं तर सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कैदेची तरतूद त्यात आहे. २०२४ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दृश्य माध्यमांतल्या अपंगत्वाच्या चित्रणाबद्दल मार्गदर्शक तत्त्वं सांगितली. चित्रण करण्याआधी त्या व्यक्तींना सामील करून घ्या, त्यांना चेष्टेचा विषय करू नका आणि ‘महामानव’ म्हणूनही रंगवू नका, असा त्यांचा रोख आहे. तो खटला चित्रपटाचा होता. रिॲलिटी शोच्या एव्हीला तो तंतोतंत लागू पडतो, असं माझं मत आहे.

आता हे सगळं गोव्यात बसून कशाला बोलायचं? वाहिन्या मुंबईत, सेट मुंबईत. पण आपल्या हातात वाटतं त्यापेक्षा जास्त आहे. २०२१ च्या एप्रिल-मेमध्ये महाराष्ट्रात टाळेबंदी असताना मालिकांची युनिटं गोव्यात आली, एका मराठी गाण्याच्या रिॲलिटी शोचं चित्रीकरण मडगावच्या रवींद्र भवनात चाललं होतं. कोविडने माणसं मरत असताना हे काय, म्हणून विरोध झाला आणि एंटरटेनमेंट सोसायटी ऑफ गोवा या सरकारी संस्थेने चित्रीकरणाच्या परवानग्या मागे घेतल्या. परवानगीची शाई आपल्याकडे आहे, हे तेव्हा सिद्ध झालं. हीच सोसायटी २०२३ च्या जानेवारीत पणजीत झालेल्या पहिल्या पर्पल फेस्टच्या, म्हणजे दिव्यांगांच्या महोत्सवाच्या, आयोजनात दिव्यांग आयुक्तालय आणि समाजकल्याण खात्यासोबत होती. एका हाताने पर्पल फेस्ट भरवायचा आणि दुसऱ्या हाताने कोणतीही अट न घालता रिॲलिटी शोला किनारे आणि सभागृहं द्यायची, हे जमत नाही. परवानगीच्या अर्जात एक कलम घाला: शोमध्ये दिव्यांग स्पर्धक असेल तर त्याच्या सोयींचा लेखी आराखडा, त्याच्या मान्यतेसह, जोडा. आराखडा नाही तर परवानगी नाही.

कला अकादमीने याहून सोपी सुरुवात करावी. भजन, नाट्य, गायन, ज्या ज्या स्पर्धा ती घेते, त्यांच्या प्रवेशपत्रिकेत एक ओळ छापावी: ‘आपणास कोणती सोय हवी आहे?’ अपंगत्वाचा दाखला मागू नये, फक्त विचारावं. आमच्या मुलांना मंचाची सवय जत्रेतल्या नाटकांतून, भजनाच्या पथकांतून होते. तिथं जर पोरगं चार वेळा गायलं, दोनदा चुकलं, एकदा हरलं, तर मुंबईच्या मंचावर जाताना ते नवखं राहणार नाही, आणि आई-बापांनाही कळेल की मागायचं काय.

आणि पुढच्या पर्पल फेस्टला वाहिन्यांच्या निर्मात्यांना जरूर बोलवावं, पण शाल-श्रीफळासाठी नको. ऑटिस्टिक कलाकारांच्या आणि प्रेक्षकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायला बोलवावं. एव्ही कोण मंजूर करतं, शांत खोली कुठं असते, होकार किती वेळा घेता, नको म्हटलेली फीत काय करता. प्रश्न त्यांना आधी, लेखी पाठवावेत आणि विचार करायला हवा तेवढा वेळ द्यावा. उत्तरंही लेखी घ्यावीत.